भावोजींचं इंग्रजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी इंग्रजी शिकवलं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, रोज सकाळी तासभर. त्या शिकवणीमुळे त्यांना मिळायची नोकरी मिळाली नाही. घरात सगळे समजतात की भावोजींना इंग्रजी जमलं नाही. ताईही तसंच समजते. मुलाखतीच्या दिवशी त्या शेडमध्ये आम्ही तिघं होतो, आणि खरं काय झालं ते तिघांपैकी मला एकट्याला ठाऊक आहे. मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली. लिहून काही परत येणार नाही हे मला कळतं. तरी लिहितो.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं होती. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं होतं. मी पालघरला मॅट्रिक झालो, टायपिंग आणि शॉर्टहँडच्या परीक्षा दिल्या आणि बांधकामावरच्या एका कंत्राटदाराकडे कारकून म्हणून लागलो. पालघरहून बोईसरपर्यंत गाडी होती, पण बोईसरपासून पुढे किनाऱ्यापर्यंत वेळेवर काही मिळेल याचा नेम नसे. ताईचं सासर साइटपासून सायकलने वीस मिनिटांवर. शेवटी मी तिच्याकडेच राहायला गेलो.

आईला हे पसंत नव्हतं. भावाने बहिणीकडे चार दिवस पाहुणा म्हणून जावं, वळकटी घेऊन राहायला जाऊ नये, असं तिचं म्हणणं. निघताना तिने बजावलं, "त्यांच्या घरात आहेस हे विसरू नकोस. आणि जावयाला तुमचं चुकलं असं म्हणायचं नाही. तुझं खरं असलं तरी नाही." मी हो म्हटलं. हा शब्द मी तंतोतंत पाळला, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

भावोजींची समुद्राच्या बाजूला वाडी होती. केळी, पानवेली, कडेला चिकूची दहाबारा झाडं. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं. ते इंजिन भावोजींनी इतक्यांदा खोललं आणि जोडलं होतं, की आजूबाजूच्या वाड्यांतून, एवढंच काय बंदरातल्या होड्यांवरूनही त्यांना बोलावणं येई. शाळा त्यांनी सातवीत सोडली होती. पण नोझल, गॅस्केट, पिस्टन, बेरिंग, टायमिंग हे शब्द दिवसभर त्यांच्या तोंडात. त्यांचं निम्मं बोलणं इंग्रजीच होतं, फक्त ते इंग्रजी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

प्रकल्पाच्या जागेत वाडीचा पश्चिमेकडचा भाग गेला. विहीर त्याच भागात होती. उरलेल्या तुकड्यात झाडं होती आणि पाणी नव्हतं. झाडं लगेच मरत नाहीत. एक उन्हाळा ती काढतात. तो पहिला उन्हाळा नुकताच गेला होता.

माझं स्वतःचं इंग्रजी तेव्हा कसं होतं, तेही सांगायला हवं. मॅट्रिकला मला इंग्रजीत चांगले गुण होते. कचेरीत आल्यावर पंधरा दिवसांत कळलं की ते गुण कशाचेच नव्हते. आमच्याकडे परदेशी सुपरवायझर होते, ते चिठ्ठीवर खरडून देत आणि मी ते टाइप करी. त्यांची वाक्यं आखूड, साधी. मी पाठ केलेली लांबलचक नम्र वाक्यं त्यांत कुठेच नसत. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ते इन, ऑन, अ‍ॅट, टू. आपल्याकडे 'त' आणि 'वर' आणि 'शी' शब्दाला चिकटून येतात, आपण त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. इंग्रजीत ते सुटे उभे असतात आणि प्रत्येक जण वेगळ्या दारात. आपण गाडीत बसतो, ते गाडी'ऑन' असतात. आपलं लग्न कोणाशी तरी होतं, त्यांचं कोणा'टू' होतं. माणूस कामात हुशार नसतो, काम'अ‍ॅट' हुशार असतो. भीती वाटते ती 'ऑफ'. याला कारण कोणी देत नाही. कानाने धरायचं, आणि माझ्या कानावर ते लहानपणापासून पडलेलंच नव्हतं.

एकदा मी स्वतःहून एक पत्र तयार केलं. सुपरवायझरनी ते वाचलं, 'डिस्कस अबाउट' मधल्या नको असलेल्या अबाउटभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. काही बोलले नाहीत. पण शेजारच्या टायपिस्टने तो गोल पाहिला. तो कागद मी घडी करून खिशात घातला, आणि संध्याकाळी सायकलवरून येताना पुलावरून खाली टाकला. दुसऱ्या दिवशी वही विकत आणली. टाइप करताना जे जे दिसे ते तिच्यात उतरवून घेऊ लागलो: कोणत्या शब्दामागे काय येतं, साहेब लोक 'कृपया असे करण्यात यावे' याला किती कमी शब्द वापरतात. महिनाभरात मी सुधारलो. लाल गोल पुन्हा आला नाही. पण त्या गोलाची धास्ती मनात कायमची बसली, आणि ती मी दुसऱ्याच्या अंगावर उतरवली.

गणपतीच्या सुमारास एका दुपारी भावोजी हसत घरी आले. रस्त्यावर प्रकल्पाची एक जीप बंद पडली होती, आत एक परदेशी साहेब एकटाच. भावोजींनी बॉनेट उघडलं.

"मी बोललो, नो गुड पेट्रोल. वॉटर. आय ओपन, आय क्लीन, यू गो. तो बोलला, गुड. मी उगडला, साफ केला, तो गेला."

"एवढंच बोललात?" मी विचारलं.

"मग आनी काय? त्याला जेवायला बसवायचा होता?"

ताई हसली. त्यांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणायचो, त्या भाजीची पानं निवडत होत्या, त्याही हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "भावोजी, साहेबाला 'यू गो' म्हणत नाहीत. चालता हो म्हटल्यासारखं होतं ते."

"मास्तर, मी चालता हो असंच बोललो. आनी जीप चालती जाली." तेव्हापासून ते मला मास्तर म्हणू लागले.

नवरात्राच्या सुमारास कचेरीत कळलं की साइटच्या खोदकामात समुद्राचं पाणी भरतं, ते उपसायच्या पंपांवर एक मेकॅनिक घ्यायचा आहे. ज्यांची जमीन गेली त्यांना आधी विचारतील असं गावात बोललं जात होतं. अट एकच, पंपांवरचा सुपरवायझर परदेशी होता. त्याचं बोलणं समजायला हवं आणि त्याला चार शब्द सांगता यायला हवेत. मुलाखत तोच घेणार होता, पंप सगळे बसले की, म्हणजे शिमग्याच्या आसपास.

मी ही बातमी घरी सांगितली त्या संध्याकाळी ताई मला विहिरीच्या जुन्या वाटेवर घेऊन गेली. वाट आता तारेच्या कुंपणाशी संपत होती. ती म्हणाली, "तू शिकव ना यांना. तुझी ती वही आहे ना."

"शिकवतो की."

"नीट शिकव. ही नोकरी मिळाली तर हे घरी राहतील. नाहीतर गुजरातेत वेरावळला होडीवर जातील, तिकडच्या एका शेठचा निरोप येऊन पडलाय. आठ-आठ महिने येत नाहीत तिकडे गेलेले. मी मावशींना घेऊन या वाळक्या वाडीत काय करू?"

मला चांगलं आठवतं, मला त्या वेळी अभिमान वाटला. त्या घरात मी जेवत होतो, झोपत होतो, आणि देण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे असं पहिल्यांदा झालं.

दिवाळी झाल्यावर आम्ही ओटीवर बसू लागलो. मध्ये लाकडी पाट, पाटावर वही. पहिल्याच सकाळी भावोजी म्हणाले, "आय एम गुड इन पंप." मी 'चुकलं' म्हणायला तोंड उघडलं आणि आईचे शब्द आठवले. दारात ताई उभी होती. समोर मावशी. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला जावई, त्याच्याच ओटीवर. माझ्या तोंडून शब्द आला नाही. हातातली पेन्सिल पाटावर आपटली गेली. टक्.

भावोजींनी विचारलं, "काय?"

"काही नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणा."

ते पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. इनच्या जागी ऑन घातलं. टक्. मग अ‍ॅट घातलं. मी मान हलवली. भावोजी खूश, मी खूश. कोणी कोणाला चुकलास म्हटलं नव्हतं. मान राहिला होता. मला ही युक्ती इतकी आवडली की तीच आमची पद्धत झाली: पेन्सिल वाजली की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं आणि मुळापासून सुरू करायचं.

मावशींना ऐकू कमी येई, पण टकटक बरोबर ऐकू येई. "ह्यो सुतारपक्षी कवा आला आपल्या ओटीवर?" त्यांनी विचारलं. भावोजी म्हणाले, "आये, तो पक्षी मॅट्रिक हाय, गप बस."

दुसरा नियम मी हातांचा केला. भावोजींचं निम्मं बोलणं हातांनी होई. झडप अडकली सांगायचं तर बोटं अडकवून दाखवत, डिझेल कमी येतंय म्हणायचं तर चिमूट चोळत. मी म्हटलं, साहेबासमोर हातवारे गावंढळ दिसतात, आणि हात चालले की जीभ आळशी होते. पूर्ण वाक्य बोलायचं. त्यांनी विचारलं, "मग हातांचा काय करू?" मी सुचवलं, मांडीखाली ठेवा. ते खरंच तसे बसू लागले, पाटासमोर, दोन्ही पंजे मांडीखाली दाबून. ताई चहा घेऊन आली की म्हणायची, "हात सोडा, कप कसा धरणार?" आणि आम्ही हसायचो.

एका वाक्यावर आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले. मी दहा वर्षं इंजिनांवर काम केलं आहे, एवढं साधं. भावोजी त्यांच्या बोलीत म्हणायचे, "मी इंजिनात दहा वर्सं काडली." त्यामुळे इंग्रजीतही ते हटकून 'इन इंजिन' म्हणत. टक्. "आय वर्क इन..." टक्. मी त्यांना सांगितलं, तुम्ही इंजिनाच्या आत जाऊन बसत नाही. ते म्हणाले, "बसतो की. तुमी बगितला नाय कदी." यावर मी हसायला हवं होतं. मी पेन्सिल वाजवली.

पौषात ताईने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "हे बोलायचे कमी झालेत का रे? जेवताना आधी किती सांगायचे, अमक्याच्या इंजिनाला काय झालं, तमक्याने काय भरलं. हल्ली गप्प जेवतात."

मी म्हटलं, "मनात वाक्य जुळवत असतील. चांगलं लक्षण आहे."

मला तसं खरोखर वाटत होतं. की नव्हतं? एका सकाळी ते मावशींशी काहीतरी बोलत होते, मराठीतच, आणि मी शेजारी पेन्सिलीला टोक करून ती पाटावर झटकली. भावोजी वाक्याच्या मध्येच थांबले. माझ्याकडे पाहून कसनुसं हसले आणि पुढे बोललेच नाहीत. हे मी पाहिलं. पाहून वही उघडली.

मुलाखतीला त्या दिवशी पाच जण होते. पंपांच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिच्यात एक टेबल, तीन खुर्च्या. सुपरवायझर थोराड, तोंडभर ठिपके असलेला, स्वभावाने भला माणूस. त्याला मराठी आणि हिंदी कळत नव्हतं, म्हणून मला बसवलं होतं, लागलंच तर भाषांतर करायला आणि एरवी प्रत्येकाबद्दल तो सांगेल तो शेरा लिहून घ्यायला. सकाळी तो म्हणाला होता, मध्ये पडू नकोस, मला बघायचंय माझं आणि त्यांचं आपापसात निभतं का. मग सहज विचारलं, यातलं कोणी तुझ्या ओळखीचं आहे का. मी म्हटलं, एक जण जवळच्या गावचा आहे. बहिणीचा नवरा आहे असं सांगितलं नाही. वशिला लावतो असं वाटेल अशी भीती होती. आणि दुसरं म्हणजे, भावोजी चुकले तर ती चूक माझ्या घरची ठरू नये असंही वाटत होतं. हे दुसरं कारण मी स्वतःशी कबूल करायला फार वर्षं लावली.

भावोजी तिसरे आले. पांढरा सदरा घातला होता, ताईने इस्त्री केलेला. खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली गेले. साहेबाने त्यांना किती वर्षं हे काम करतोस असं विचारलं. त्याचं स्वतःचं वाक्य धड पूर्णही नव्हतं, दोनतीन शब्द आणि एक हनुवटी उडवणं. भावोजींना प्रश्न समजला. चेहऱ्यावरून मला दिसलं.

"आय वर्क इन इंजिन..."

माझ्या हातात पेन्सिल होती. खाली टेबल होतं. टक्.

ही पहिली टकटक मी केली नाही, ती झाली. एवढं मला म्हणता येतं. साहेबाने पेन्सिलीकडे पाहिलंही नाही. पण भावोजी थांबले, आणि मुळापासून सुरू झाले.

"आय हॅव वर्क्ड ऑन इंजिन्स फॉर..."

टक्.

ते वाक्य बरोबर होतं. आम्ही चार महिने ज्याच्यासाठी बसलो होतो तेच, शब्दाला शब्द. ऑनसुद्धा बरोबर पडला होता. मी ऐकतच नव्हतो. मी साहेबाच्या तोंडाकडे बघत होतो, तो हसतो का, वैतागतो का, आणि आता हे परत इन म्हणणार, आता म्हणणार, या धसक्याने माझा हात चूक व्हायच्या आधीच खाली आला.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. साहेबाकडे नाही, माझ्याकडे. आणि माझ्याही तोंडाकडे नाही, पेन्सिलीकडे. आता काय बदलायचं ते त्यांना कळेना. ऑन काढायचा तर त्याच्या जागी काय घालायचं? त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. मला 'बरोबर आहे, पुढे बोला' म्हणता आलं असतं. चार शब्द, मराठीत. साहेबाने मध्ये पडू नको सांगितलं होतं आणि नातं मी लपवलं होतं. मी वहीत बघत राहिलो.

साहेब भला होता असं म्हटलं ते यासाठी, की तो थांबला. मग उठला, मागच्या खोक्यातून डिझेल फवारायचं एक नोझल काढून भावोजींपुढे ठेवलं आणि हातानेच विचारलं, याचं काय बिघडलंय? पहिल्या दोघांना त्याने हे विचारलंही नव्हतं. ही त्याने वरून दिलेली संधी होती.

भावोजींनी एक हात मांडीखालून काढला. नोझल उजेडाकडे धरलं, टोकावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेलं. त्यांना समजलं. मी त्या घरात इतके महिने राहिलो होतो, त्यांना समजलं की त्यांची डावी भुवई जराशी वर जाते, ती गेली. आता फक्त बोट लावून दाखवायचं होतं. वॉटर म्हटलं असतं तरी चाललं असतं. डर्टी म्हटलं असतं तरी. जीपवाल्याला म्हटलं होतं तसं काहीही. पण पूर्ण वाक्य बोलायचं होतं आणि हात दाखवायचा नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा पेन्सिलीकडे पाहिलं. मग नोझल टेबलावर, होतं त्याच जागी, अगदी हळू ठेवलं आणि हात परत मांडीखाली घातला.

साहेबाने खांदे उडवले. भावोजी बाहेर गेल्यावर तो मला म्हणाला, "ही इज अफ्रेड ऑफ द मशीन," आणि तसंच लिहायला सांगितलं. या माणसाला यंत्राची भीती वाटते. मी लिहिलं. दुपारी टाइप केलं. तीन प्रती काढल्या.

संध्याकाळी मी सायकल हातात धरून आणि भावोजी शेजारून चालत घरी आलो. निम्मी वाट सरली. मग ते म्हणाले, "मास्तर, एक विचारू? दुसऱ्या वेलेला मी ऑन बोललो ना?"

"हो."

"मग काय राह्यला होता?"

तेव्हा मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. काही राहिलं नव्हतं, सगळं बरोबर होतं, माझा हात चुकला. मी म्हणालो, "थोडं राहिलं होतं. शेवटी."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "माजी जीभच जड. तुमी केली तेवडी मेहनत केली."

घरी ताईला त्यांनीच सांगितलं. "मला नाय जमला. मास्तरांचा काय दोष नाय." ताईने माझ्या पानात भाकरी वाढली. मावशींनी विचारलं, "पक्षी आज गप का?"

चैत्रात भावोजी वेरावळला गेले. होडीवर इंजिनाचं काम, पाण्यावर दिवसच्या दिवस. तिथे इंग्रजी लागत नव्हतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की ते घरी यायचे, दाढी वाढवून, अंगाला डिझेलचा वास. पहिल्या वर्षी केळी गेली, दुसऱ्या वर्षी पानवेली. चिकूची झाडं ताई लांबून हंड्याने पाणी आणून जगवायला बघत होती, मग तिची कंबर धरली आणि तेही थांबलं. मावशी गेल्या तेव्हा भावोजी समुद्रात होते. ते आले ते तेराव्याला. त्या घरी राहणं मला जमेना. प्रकल्पाच्या वसाहतीच्या बाजूला मी एक खोली बघितली. ताई म्हणाली, "तुलाही आमचं घर नको झालं का?" मी म्हटलं, कचेरी जवळ पडते.

मी पुढे चढत गेलो. मोठा कारकून झालो, मग त्याहून वर. माझं इंग्रजी चांगलं आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. ऑन कुठे आणि इन कुठे हे मला आता विचार न करता कळतं. तरुण लोक माझ्याकडे मसुदे घेऊन येतात. मी त्यांच्या कागदावर गोल काढत नाही, तोंडाने सांगतो, आणि सांगताना हात टेबलाखाली ठेवतो. त्यांना वाटतं साहेबांची ढब आहे.

भावोजींनी पंधरा वर्षांनी होडी सोडली. तोवर किनाऱ्यावरचं घर राहण्याजोगं राहिलं नव्हतं. बोईसरजवळच्या बेटेगावात दोन खोल्या घेतल्या. बोईसरला कारखाने वाढले होते, त्यांतल्या एकाच्या फाटकावर ते पहारेकरी म्हणून बसू लागले. आत यंत्रं चालायची, हे बाहेर स्टुलावर. मी एकदा तिथून गेलो तर एक ट्रकवाला त्यांना हिंदीत काहीतरी विचारत होता आणि भावोजी हाताने वाट दाखवत होते. मी थांबलो नाही.

गेल्या वर्षी मी ठरवून बेटेगावला गेलो. त्यांची तब्येत उतरली आहे, दिसतही कमी. मनाशी वाक्य तयार केलं होतं. भावोजी, त्या दिवशी दुसऱ्या वेळेला तुम्ही बरोबर बोलला होता. एवढंच म्हणायचं, पुढचं त्यांच्यावर. माफ करा वगैरे म्हणायचं नाही, ते त्यांच्यावर ओझं टाकल्यासारखं होईल असं मी ठरवलं होतं.

ताईने चहा ठेवला. भावोजी म्हणाले, "मास्तर, बरे आलात. पंचायतीला एक अर्ज द्यायचा हाय. आमच्या ओळीतल्या नळाला पानी येत नाय. तुमी लिवा, मी सांगतो."

"मराठीत ना?" मी विचारलं.

"मग काय, आता मी इंग्रजी शिकनार?" ते हसले. ताईही हसली. मला वाटलं, आता अर्ज लिहून होऊ दे, मग सांगू. हसत आहेत तोवर सांगता येईल.

मी पेन काढलं, गुडघ्यावर एक पुठ्ठा घेतला, वर कागद ठेवला. भावोजी सांगू लागले. "लिवा. आमच्या ओळीतल्या नळाला दोन महिने जाले, सकालच्या पारी..."

मी त्यांच्याकडे बघत होतो. मनात माझंच वाक्य चाललं होतं. ते कसं काढायचं, आधी काय म्हणायचं. पेन माझ्या हातात होतं, खाली पुठ्ठा होता. वाजलं ते मला ऐकूही आलं नाही.

भावोजी थांबले. नजर कमी झालेली, तरी माझ्या हाताच्या दिशेने वळली. क्षणभर त्यांचे ओठ नुसते हलले. मग त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

"आमच्या ओळीतल्या नळाला..." ते म्हणाले, सावकाश, एकेक शब्द चाचपून, "दोन महिने..." आणि पुन्हा थांबले. 'जाले'वर अडले होते. "झाले," ते म्हणाले. "झाले ना?"

"तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं, भावोजी," मी म्हटलं.

"नाय, तुमी नीट करून लिवा," ते म्हणाले. "मला नाय जमत."

मी अर्ज लिहिला. त्यांनी सही केली. ताईने आतून विचारलं, "झालं का रे लिहून?" मी झालं म्हटलं, चहा प्यायलो आणि बोईसरची गाडी धरली.